मुहूर्ताची तातडी

बुधाजी गमरे गाडी चालवत असला की मागे बसलेल्याने खुशाल पान लावावं, चुना सांडायचा नाही, असं पोलीस खात्यात बोललं जायचं. लढाईच्या काळात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर त्याने लष्कराचे ट्रक हाकले होते. चिखलात चाकं बुडायची, दरडी कोसळायच्या, पण बुधाजीच्या ट्रकमधलं एक खोकं कधी फुटलं नाही. लढाई संपली, तो मुंबईला डिलाइल रोडच्या बी.डी.डी. चाळीत भावाकडे आला आणि पोलिसांत ड्रायव्हर म्हणून लागला. दहा वर्षं झाली होती. आपल्या हाताचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान तो लपवतही नसे.

सन अठ्ठावन्नची गोष्ट. संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज कुठे ना कुठे सभा, कुठे ना कुठे मोर्चा. ठाण्यातली माणसं तीन-तीन दिवस घरी जात नव्हती. बुधाजीचे फौजदार जयवंत पाटणकर तर शिवाजी पार्कच्या बंदोबस्तावरच दोन रात्री झोपले होते. माणूस वाईट नव्हता. तिशीचा, चलाख, बढतीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला. पण त्या दिवशी गिरगावात त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि अकरा बत्तीसचा मुहूर्त होता. वरिष्ठांनी त्यांना तासाभराची मोकळीक दिली तेव्हा घड्याळात अकरा वीस झाले होते.

पाटणकर धावतच गाडीत येऊन बसले.

"बुधाजी, गिरगाव. बारा मिनिटं आहेत."

"साहेब, वीस तरी लागतील."

"तुला वीस लागतील?" पाटणकर हसले. "तूच म्हणतोस ना, या मुंबईत तुझ्या पुढे जाणारा ड्रायव्हर नाही म्हणून? घंटा वाजव आणि पळव. एकुलती एक बहीण आहे रे."

घंटा फक्त तातडीच्या कामाला वाजवायची, असा नियम होता. रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलेले तीस मैल ओलांडायचे तेही त्याच कामाला. कुठे आग, कुठे मारामारी, कुठे माणूस मरायला टेकलेला. बुधाजीला हे पाठ होतं. पण 'तुला वीस लागतील?' हे शब्द त्याला बरोबर जागी लागले. त्याने घंटेची कळ दाबली आणि गाडी कॅडल रोडला घातली.

रस्ता दुभंगल्यासारखा मोकळा झाला. बस कडेला झाली, व्हिक्टोरियावाल्याने लगाम खेचला, हातगाडीवाले फुटपाथला चिकटले. काटा चाळीसवर गेला, पंचेचाळीसवर गेला. खोटं कशाला सांगा, बुधाजीला मजा वाटत होती. काटा पन्नासच्या पुढे सरकला तेव्हा प्रभादेवीचं वळण आलं.

वळणाच्या पलीकडे एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती. घंटा ऐकून ती मधोमध थबकली. पुढे जावं की मागे, हे तिला ठरवता येईना. बुधाजीने ब्रेकवर उभं राहून चाक फिरवलं. दुसरा कोणी असता तर बाई जागच्या जागी गेली असती. बुधाजीच्या हाताने ती वाचली, पण गाडीचा मडगार्ड तिच्या डाव्या पायाला लागलाच. पाटी उडाली. बोंबील आणि मांदेली रस्ताभर पसरली आणि बाई त्यांच्यातच पडली.

गाडी थांबायच्या आत बुधाजी खाली उतरला होता. समोरच्या गल्लीतून एक तरुण धावत आला. अंगावर गिरणीतल्या कापसाची पिंज, बहुधा रात्रपाळी करून परतला असावा.

"हवालदार, पायाला हात लावू नका, मोडलाय," तो म्हणाला. "तुम्ही खांदे धरा, मी खालून धरतो."

दोघांनी तिला अलगद मागच्या सीटवर ठेवलं. पाटणकर पांढरेफटक पडले होते. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा बाईकडे.

"मी परळच्या इस्पितळात नेतोय साहेब," बुधाजी म्हणाला. त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

पाटणकरांनी टॅक्सीला हात केला.

त्या दिवशी संध्याकाळी बंदोबस्त आटोपून बुधाजी ठाण्यात परतला, तर डायरीत सगळं लिहून झालेलं. वरळी नाक्यावर मोर्चेकऱ्यांनी गडबड केल्याची खबर आली, गाडी तिकडे तातडीने निघाली, प्रभादेवीला जमावाने गाडीवर दगडफेक केली, दगड चुकवताना ड्रायव्हरचा ताबा सुटला आणि एक बाई जखमी झाली. दगडफेक म्हटली की दगड मारणारा हवा. तोही सापडला होता. कोठडीच्या गजांपाशी बसलेल्या त्या तरुणाला बुधाजीने लगेच ओळखलं. अंगावरची पिंजसुद्धा अजून झटकली नव्हती. त्याचं नाव वसंत. जागेवर होता एवढाच त्याचा गुन्हा, आणि खिशात संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला सापडला, हा पुरावा.

"हवालदार," वसंत गजांमधून म्हणाला, "तुम्हीच सांगा यांना. आपण दोघांनी मिळून उचललं ना त्या बाईला?"

बुधाजी गजांकडे सरकला. एवढ्यात पाटणकरांनी त्याला आत बोलावून घेतलं.

"डायरी वाचलीस? कोर्टात एवढंच सांगायचं. तुझाही फायदाच आहे बुधाजी. तातडीचं काम होतं म्हटलं की वेग माफ, घंटा माफ, अपघात माफ. नाहीतर तुझा परवाना जाईल."

"आणि तो पोरगा?"

"होईल दोन-तीन महिने. समितीचाच आहे, आज नाही तर उद्या आत गेलाच असता."

बुधाजी तसाच घरी आला. सुंदराबाईने ताट वाढलं, तो नुसता भात चिवडत राहिला. तिने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"मग त्या बाईला काय सांगितलंत?" तिने विचारलं.

"कुठल्या?"

"जिचा पाय मोडला तिला. तिला भेटलात की नाही?"

बुधाजी भेटला नव्हता. इस्पितळाच्या दारात तिला स्ट्रेचरवर ठेवलं आणि तो निघून आला होता. ही गोष्ट आता त्यालाच लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटी संपल्यावर चार मोसंबी घेऊन तो परळला गेला.

बाईचं नाव गुणवंती. वरळी कोळीवाड्यातली, पन्नाशी उलटलेली, खणखणीत आवाजाची. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला होता, पण तोंड मोकळं होतं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला ती सुरमई कशी ओळखायची ते शिकवत होती. बुधाजीला पाहून ती थांबली.

"तूच ना रे तो? गाडीवाला?"

"हो मावशी. मीच."

"बस." तिने मोसंबी पाहिली, घेतली, उशीखाली ठेवली. "आता मना एक सांग. कुठं आग लागली व्हती?"

बुधाजी खाटेजवळच्या स्टुलावर टेकला.

"घंटा ऐकली मी," गुणवंती म्हणाली. "आम्ही कोळणी रस्त्यात कुणाला वाट देत नाही, ट्रामलासुद्धा नाही. पण घंटा ऐकली की देतो. म्हणतो, असल कुणाचं तरी लेकरू बुडत. असल कुणाचं घर जळत. माझा पाय मोडला त्याचं मना काय नाय, हाड हाय, जुळल. पण कशापायी मोडला ते तरी मना कळू दे."

लष्करात बुधाजीने गोळ्यांचा वर्षाव पाहिला होता. पण असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. आणि मग तो एकदम मोकळा झाला.

"लग्न होतं मावशी. आमच्या साहेबांच्या बहिणीचं. मुहूर्त गाठायचा होता."

गुणवंतीने उशीवरून डोकं उचललं.

"लग्न?"

"लग्न."

"मग गाठला काय मुहूर्त?"

"नाही. अक्षता पडून गेल्यावर पोचले."

"म्हंजी माझा पाय फुकटच गेला की!" असं म्हणून गुणवंती हसायला लागली. हसता हसता पाय दुखला तशी कळवळली, आणि कळ थांबल्यावर तिचा चेहरा निराळाच झाला. "काल एक पोलीस आला व्हता. म्हनला, दगड मारला एका पोराने, म्हणून गाडी तुझ्यावर आली. लिवून आनलं व्हतं, अंगठा दे म्हनला. मी नाय दिला. मी म्हनलं, मना दगड नाय दिसला. मना उचलणारा पोरगा दिसला."

"त्यालाच धरलाय."

"आणि तू रे भावा? तू काय सांगणार हायस?"

"जे झालं ते," बुधाजी म्हणाला. हे बोलताना त्याला वाटलं, आपण हे कधीच ठरवलं होतं, फक्त कुणी विचारायची वाट बघत होतो.

खटला दीड महिन्यानंतर उभा राहिला. आदल्या दिवशी पाटणकर त्याला ठाण्याच्या मागच्या अंगणात भेटले. दोघंच होते.

"काय ठरवलंस?"

"साहेब, तुम्हीच खरं सांगून टाका. मी तुमच्या मागून सांगेन."

"वेडा आहेस का? माझी नोकरी जाईल."

"खरं सांगितलंत तर बोलणी बसतील, बदली होईल. खोटं पकडलं गेलं तर नोकरी जाईल. आणि पकडलं जाणार साहेब. ती बाई कुणाच्या बापाला भ्यायची नाही."

पाटणकरांचा आवाज चढला. "विसरू नकोस गमरे, या गाडीवर तुला मी ठेवलाय. तुझ्यासारख्याला."

"गाडीवर तुम्ही ठेवलंत साहेब," बुधाजी शांतपणे म्हणाला. "पण गाडी मला लष्करात शिकवली. तिथे पहिल्या दिवशी सांगितलं होतं, गाडी कुणाच्याही हुकुमाने चालो, धडक ड्रायव्हरची असते."

त्याने सलाम ठोकला आणि तो वळला.

कोर्ट भरलं होतं. गिरणीतले लोक वसंतसाठी आले होते, कोळीवाड्यातल्या बायका गुणवंतीबरोबर. गुणवंती कुबड्या घेऊन पहिल्या बाकावर बसली होती. बुधाजी पिंजऱ्यात उभा राहिला. कारकुनाने सवयीने सांगितलं, "म्हणा, ईश्वरसाक्ष खरं सांगेन."

"मी बौद्ध आहे," बुधाजी म्हणाला. "प्रतिज्ञेवर सांगतो. खरं सांगेन."

मॅजिस्ट्रेट वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

सरकारी वकिलांनी सुरुवात केली. "गमरे, त्या दिवशी तुम्ही घंटा वाजवत, वेगाने गाडी नेत होता. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे तातडीचं काम होतं."

"होतं साहेब. मुहूर्ताची तातडी होती."

वकील गोंधळले. मॅजिस्ट्रेट पुढे झुकले. "कसला मुहूर्त?"

"लग्नाचा. गिरगावात. फौजदारसाहेबांच्या बहिणीचं लग्न होतं. अकरा बत्तीसला."

कोर्टात एवढा हशा उसळला की पट्टेवाल्याला तीनदा ओरडावं लागलं. पाटणकर मान खाली घालून बसले होते. हसण्याचा आवाज ओसरला तसा मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "दगडफेक?"

"एकही दगड नाही. हा वसंत धावत आला तो बाईला उचलायला. पायाला हात लावू नका, मोडलाय, हे यानेच मला सांगितलं. मी खांदे धरले, याने खालून धरलं."

"वेग किती होता?"

"काटा पन्नासच्या पुढे होता."

"तुम्हाला कळतंय का, तुम्ही स्वतःविरुद्ध बोलताय?"

"कळतंय साहेब. हुकूम साहेबांचा होता, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय माझा होता. मी म्हटलं असतं नाही, तर गाडी तीसनेच गेली असती. आठ मिनिटं उशीर झाला असता, एवढंच." त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं आणि ते कसं सांगावं हे शोधत होता. "साहेब, घंटा वाजली की लोक बाजूला होतात ते पोलिसाला भिऊन नाही. त्यांना वाटतं कुणाचा तरी जीव चाललाय. ती वाट विश्वासाने दिलेली असते. ती मी लग्नाला जायला वापरली. दंड मला झालाच पाहिजे."

गुणवंतीची साक्ष त्यानंतर झाली. वकिलांनी विचारलं, घंटा ऐकूनही रस्त्यात का थांबलात? ती म्हणाली, "साहेब, तुमच्या अंगावर एवढी गाडी धावून आली तर तुमी उडता काय? मग? मना पण पंख नाय."

वसंत त्याच दिवशी सुटला. मॅजिस्ट्रेटनी डायरीतल्या नोंदीबद्दल वरिष्ठांना कडक शब्दांत लिहिलं आणि पाटणकरांची बढती राहिली, बदली लांब जिल्ह्यात झाली. बुधाजीवर वेगळा खटला झाला. त्याने गुन्हा कबूल केला. दंड झाला आणि परवाना सहा महिन्यांसाठी जमा झाला. ठाण्यातले काहीजण त्याच्याशी बोलेनासे झाले. आपल्याच साहेबाला बुडवला, म्हणत. बुधाजी त्यांनाही रोज आपणहून नमस्कार करायचा. आठवडाभरात अर्धे वरमले, महिन्याभरात बाकीचे.

ते सहा महिने त्याला परळच्या चौकात वाहतुकीला उभं केलं. शिक्षा म्हणून दिलेलं काम, पण बुधाजीने तेही मन लावून केलं. दहा वर्षं त्याने रस्ता काचेआडून पाहिला होता, आता भर चौकात उभं राहून पाहत होता. भरधाव गाडी आली की माणूस पळत नाही, आधी गोठतो, हे त्याने शेकडो वेळा पाहिलं. बाई मागे बघते, कारण मूल मागे असतं. म्हातारा आवाज कुठून येतोय ते शोधत बसतो. सायकलवाला उलटा भलत्याच बाजूला वळतो. हे सगळं होऊन माणूस बाजूला व्हायला तीन आकडे मोजण्याइतका वेळ लागतो. पन्नास मैलांनी येणारी गाडी तेवढा वेळ देत नाही. सुंदराबाईला तो रोज संध्याकाळी नवीन काहीतरी सांगायचा आणि ती म्हणायची, "आता कुठे तुम्ही गाडी शिकताय."

परवाना परत मिळाला त्याला पंधरा दिवस झाले असतील. भर दुपारी वायरलेसवर खबर आली, लालबागला एका चाळीची गॅलरी कोसळली, माणसं खाली अडकली आहेत. गाडीत नवे फौजदार रेगे होते, निवृत्तीला टेकलेले, घामाघूम. बुधाजीने घंटा सुरू केली. मोकळ्या रस्त्यावर काटा पन्नासच्या पुढे गेला, आणि या वेळी त्याने काट्याकडे पाहिलंही नाही.

परळचा चौक जवळ आला तसा त्याने वेग तोडला. पायी चालणाऱ्याच्या चालीने गाडी चौकात शिरली.

"अरे, थांबतोस काय?" रेगे ओरडले. "तिथे माणसं मरतायत!"

"आणि इथली जिवंत आहेत साहेब," बुधाजी म्हणाला. मनात त्याने तीन मोजले. आडवी आलेली बस थबकली, एक म्हातारा फुटपाथवर चढला, रस्ता स्वच्छ झाला आणि गाडी सुटली ती पुन्हा थेट पुढच्या चौकापर्यंत. प्रत्येक चौकात त्याने हेच केलं. रेगे दुसऱ्या चौकानंतर बोलायचे थांबले. लालबागला पोचले तेव्हा बंब अजून यायचा होता.

धुळीचा लोट उठला होता. दुसऱ्या मजल्याची गॅलरी निम्मी लोंबत होती, निम्मी खालच्या खोल्यांच्या दारांवर आडवी झाली होती. बायका रडत होत्या, पुरुष हातांनी विटा उपसत होते. एका जाड वाशाखालून कण्हण्याचा आवाज येत होता. सहाजण तो वासा उचलायला झोंबत होते, पण वासा हलत नव्हता, उलट वरची माती घसरत होती.

"सोडा! कुणी उचलू नका!" बुधाजीच्या आवाजाने सगळे थांबले. त्याने गाडीतून जॅक काढला, एक फळी घेतली आणि पोटावर सरपटत आत शिरला. फळीवर जॅक बसवून त्याने दांडा फिरवायला सुरुवात केली. एक बोट, दोन बोटं, चार बोटं. लष्करात चिखलातून ट्रक असाच वर काढायचे, घाई न करता, दर दोन फेऱ्यांनी टेकू सरकवत. वासा हातभर वर आला तसा त्याने आतला हात धरला. सुरकुतलेला, बांगड्या फुटलेला हात होता.

"आजी, पाय हलतात का?"

"हलतात रे."

"मग माझ्या गळ्याला धरा. सोडू नका."

तो उलटा सरपटत निघाला. बाहेरच्या माणसांनी दोघांना ओढून घेतलं. म्हातारीच्या केसांत चुना, कपाळावर रक्त, पण डोळे टक्क उघडे. तिला पाणी दिलं, तर तिने भांडं बाजूला सारलं आणि बुधाजीची बाही पकडली.

"अरे, आत माझा स्टो पेटता आहे. आधी तो बंद कर."

बुधाजीने रेगेंकडे पाहिलं. रेगे घाम पुसत म्हणाले, "जा, जा. मी वासा धरून ठेवतो."

आणि बुधाजी पुन्हा आत शिरला.